एक ठसा, अनेक पाने

कोलोनहून बॉनला जायला १६ आणि १८ अशा दोन नंबरांच्या गाड्या आहेत. १६ नंबर ऱ्हाइनच्या काठाकाठाने जाते, १८ नंबर ब्र्यूलवरून. आपल्यापैकी बहुतेकांनी या गाडीतून पाहुण्यांना बेथोव्हेनचे घर दाखवायला नेले असेल. पण त्याच गावात २०० वर्षांपूर्वी भगवद्गीता देवनागरी खिळ्यांनी छापली गेली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? माझा विषय खरे तर संगणकाचा आहे. इंटरनेटवरची पाने दाखवणारा ब्राउझर एकच फाँट अनेक ठिकाणी कसा वाटून वापरतो आणि त्यामुळे मेमरी कशी वाचते, असा तो काहीसा रुक्ष विषय. पण त्याची मुळे शोधत गेले की माणूस सर्व्हरच्या खोलीत न पोचता थेट बॉनच्या छापखान्यात पोचतो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बॉनचे पंडित

बॉनचे विद्यापीठ प्रशियाच्या राजाने १८१८ साली स्थापन केले आणि आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल तिथे प्राध्यापक म्हणून आले. शेक्सपिअरचे जर्मन भाषांतरकार म्हणून ते आधीच प्रसिद्ध होते. चाळिशी उलटल्यावर पॅरिसमध्ये त्यांनी संस्कृत शिकायला घेतले आणि जर्मनीतील भारतविद्येचे पहिले अध्यापन त्यांच्यापासून सुरू झाले. कवी हाइने बॉनला विद्यार्थी असताना त्यांच्या व्याख्यानांना बसत असे. पुढे त्याने गुरूंची यथेच्छ टिंगल केली, तो भाग वेगळा.

श्लेगेल यांना संस्कृत ग्रंथ संस्कृतच्या लिपीतच छापायचे होते, आणि अडचण होती ती खिळ्यांची. जर्मनीत देवनागरीचे खिळे मिळणार कुठून? प्रशियाच्या सरकारने खर्च उचलला. श्लेगेल स्वतः पॅरिसला गेले, तिथल्या हस्तलिखितांतली अक्षरे समोर ठेवली आणि विबेर नावाच्या कारागिराकडून ती पोलादात कोरून घेतली. या खिळ्यांचा नमुना १८२१ साली प्रसिद्ध झाला आणि १८२३ साली बॉनमध्ये लॅटिन भाषांतरासह भगवद्गीता छापून झाली. युरोप खंडावर खिळ्यांनी छापलेल्या पहिल्या संस्कृत ग्रंथांमध्ये तिची गणना होते. नंतर बॉनमधूनच हितोपदेश निघाला आणि रामायणाचे खंडही निघाले. हितोपदेशात त्यांच्या जोडीला ख्रिस्टियान लासेन हे नॉर्वेहून आलेले शिष्य होते.

खिळे तयार कसे होत ते थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोकावर एक अक्षर उलटे कोरायचे. हा झाला मूळ ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा खळगा पडतो. हा झाला साचा. त्या साच्यात शिशाचा रस ओतला की खिळा तयार. ठसा एकदाच कोरायचा, त्याला वेळ आणि कसब लागते. साचा जपून ठेवायचा. खिळे मात्र हवे तितके ओतावेत, झिजले की वितळवावेत आणि पुन्हा ओतावेत.

यातले मोल कशात आहे हे चार्ल्स विल्किन्स यांच्याइतके कुणालाच कळले नसेल. गीतेचे पहिले इंग्रजी भाषांतर (१७८५) करणारे हेच विल्किन्स. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने देवनागरीचे ठसे कोरले, साचे केले, खिळे ओतले आणि संस्कृत व्याकरण छापायला घेतले. तेवढ्यात १७९५ साली घराला आग लागली. पळापळीत खिळे बाहेर फेकले गेले ते हिरवळीवर विखुरले आणि वाया गेले. पण ठसे आणि साचे वाचले होते. १८०८ साली त्यांचे व्याकरण छापून झाले ते त्यामुळेच. ही हकिकत त्यांनी स्वतःच आपल्या प्रस्तावनेत लिहून ठेवली आहे.

आपल्याकडची ओतशाळा

मुंबईत हेच काम व्यापारी पायावर उभे राहिले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी मराठीचे खिळे सुधारले. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले आणि मग खिळेही करून पाहिले. पण आपल्या आजी-आजोबांच्या पिढीच्या डोळ्यांना जे वळण लागले ते निर्णयसागरचे. जावजी दादाजी लहानपणी मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला होते. १८६४ साली त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली छापखाना. अक्षरे कोरायला राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी माणूस जोडीला होता. निर्णयसागरचे खिळे इतर छापखान्यांतही विकत जात. म्हणजे मुंबईतल्या एका ठशातून निघालेले अक्षर दुसऱ्याच गावच्या लग्नपत्रिकेवर उमटत असे. छापखानदाराला ठसा कोरावा लागत नसे, फक्त शिसे विकत घ्यावे लागे.

देवनागरीत हे शिसेही फार लागते. रोमन अक्षरे लहान-मोठी धरून थोडक्या खणांत मावतात. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि क्ष, ज्ञ, द्ध, द्य, ह्म अशी जोडाक्षरे. जुळाऱ्यासमोर कित्येकशे खण पसरलेले असत आणि त्यांतून हात फिरवत त्याला मजकूर जुळवावा लागे. ही मोठ्या संचाची अडचण लिपीबरोबरच संगणकात आली.

ज्याचा त्याचा फाँट

१९९० नंतरच्या दशकातली स्थिती पुष्कळांना आठवत असेल. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्र आणले, १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानकही जाहीर झाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. कागदावर सगळे ठीक होते. प्रत्यक्षात मात्र घरोघरी वेगळेच चालले होते. फाँटमध्ये अक्षरांसाठी जेमतेम २०० जागा वापरता येत. जो तो आपल्या सोयीने त्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवी. एकाचा 'क' जिथे, तिथे दुसऱ्याची अर्धी 'त'. मजकुराची फाइल पाठवली तरी तोच फाँट समोरच्याकडे नसेल तर पडद्यावर नुसता भाजीपाला दिसे.

जर्मनीत राहणाऱ्यांना यात एक खास अनुभव मिळाला. ज्या जागांवर जर्मनची उमलाउटवाली अक्षरे असतात, त्याच जागांवर मराठी फाँटवाल्यांनी आपले तुकडे बसवले होते. त्यामुळे कोलोनचे जर्मन नाव मराठी मजकुरात टाइप केले की मधल्या 'ओ'च्या जागी कुठलेतरी अर्धे अक्षर उमटे. आणि मराठी पत्र फाँटशिवाय उघडले की उमलाउटची माळच्या माळ दिसे. जणू एखाद्या जर्मन माणसाला ठसका लागला आहे.

वृत्तपत्रे इंटरनेटवर आली तीही आपापला फाँट घेऊन. १९९७ च्या सुमारास ब्राउझरने पानाबरोबर फाँटही उतरवून घ्यायची सोय आली, पण मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी आणि नेटस्केपची वेगळी. सकाळी चार मराठी वृत्तपत्रे वाचायची म्हणजे चार फाँट उतरवायचे, तेही टेलिफोनच्या लाइनवरून, मिनिटाला पैसे मोजत. चारही फाँटमध्ये अक्षरे तीच, 'अ' ते 'ज्ञ'. वाटून घेण्याची सोय मात्र कुठेच नाही. निर्णयसागरच्या काळात जे जमले होते ते संगणकाच्या पहिल्या २० वर्षांत आपण गमावून बसलो होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

युनिकोडने हा घोळ मिटवला. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फाँट आला. त्याचे अक्षररेखन मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशी यांचे. विंडोज एक्सपीमध्ये तो असूनही भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी शोधावी लागे. ती सीडी हमखास भारतातल्या कपाटात राहिलेली असे! १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४ साली रेड हॅटने 'लोहित' फाँटसंच सर्वांसाठी खुला केला. त्यात मराठीसाठी वेगळी फाइलही निघाली. कारण देवनागरी एकच असली तरी मराठी डोळ्याला 'ल' आणि 'श' वेगळ्या वळणाचे लागतात, आणि 'वाऱ्याचा', 'तऱ्हा' यांतला आडवा र म्हणजे आपली खासियत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ही वळणे ठरवून दिली. आताच्या फाँटमध्ये हिंदीची आणि मराठीची अशी दोन्ही वळणे एकाच फाइलमध्ये ठेवता येतात. पानावर भाषा 'मराठी' अशी नोंदलेली असेल तर मराठी 'ल' उमटतो, नाही तर हिंदीचा.

कोलोनचा कोश

इथे आपल्या गावाचे नाव घेतलेच पाहिजे. कोलोन विद्यापीठाच्या भारतविद्या आणि तमिळ अध्ययन संस्थेत १९९४ साली टोमास माल्टेन यांच्या पुढाकाराने संस्कृत शब्दकोश संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले. मोनिअर-विल्यम्सचा कोश आला, ब्योटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा सेंट पीटर्सबर्ग कोश आला, आणि आपल्या वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोशही आला. आपटे फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य. १८९२ साली, वयाच्या तिशीतच ते गेले. त्यांचा कोश आज जगभरचे विद्यार्थी ज्या संकेतस्थळावर चाळतात, त्याच्या नावातच कोलोन आहे.

या कामातली शहाणपणाची गोष्ट अशी की मजकूर कुठल्याही देवनागरी फाँटच्या भरवशावर ठेवला गेला नाही. शब्द साध्या रोमन अक्षरांच्या ठराविक संकेतात नोंदले गेले. पुढे युनिकोड स्थिरावल्यावर त्याच नोंदींवरून देवनागरी दाखवता आली. त्याच वर्षांत जगभर ज्यांनी आपापल्या फाँटमध्ये हजारो पाने टाइप केली, त्यांपैकी बरीचशी आज उघडता येत नाहीत. कोलोनचा कोश मात्र चालू आहे.

मेमरीची पाने

आता मुख्य विषय. २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलने क्रोम हा ब्राउझर आणला. तोवरच्या बहुतेक ब्राउझरांत सगळी पाने एकाच कार्यक्रमाच्या पोटात चालत. एक पान अडकले की बाकीचीही बुडत. क्रोमने वेगवेगळ्या पानांना वेगळी 'प्रोसेस' दिली. प्रोसेस म्हणजे संगणकातले स्वतंत्र बिऱ्हाड समजा. त्याची मेमरी त्याची, शेजाऱ्याला त्यात डोकावता येत नाही. फायरफॉक्सने २०१६ पासून हीच वाट धरली.

जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला 'स्पेक्टर' हा दोष जाहीर झाला आणि भिंती आणखी जाड कराव्या लागल्या. एकाच बिऱ्हाडात दोन वेगळ्या संकेतस्थळांची पाने राहिली तर एकाला दुसऱ्याची गुपिते वाचता येण्याचा धोका होता. म्हणून प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी प्रोसेस द्यायचे ठरले. क्रोमने त्याच वर्षी ते केले आणि त्यामुळे मेमरी साधारण १० ते १३ टक्के जास्त लागते, असे गूगलनेच सांगितले. फायरफॉक्सने २०२१ च्या अखेरीस ते सर्वांना दिले. तयारी करताना त्यांनी हिशेब मांडला होता तो असा, की एका वेळी १०० प्रोसेस चालतील असे धरावे आणि प्रत्येकीचा रिकामा खर्च १० मेगाबाइटच्या आसपास आणावा.

चाळीत १०० बिऱ्हाडे आली की प्रत्येकाला स्वतंत्र विहीर खणून देता येत नाही. प्रत्येक प्रोसेसमध्ये तेच ते काय साठते, याचा शोध सुरू झाला आणि त्यात एक मोठा मानकरी निघाला फाँट.

फाँटच्या फाइलमध्ये काय असते? अक्षरांच्या बाह्यरेषा, कुठल्या अक्षराला कुठले चित्र याची यादी आणि जोडाक्षरांचे नियम. रोमनला हे नियम थोडके पुरतात. आपल्याला 'र्' आधी आला तर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी, असे कितीतरी. चिनी-जपानी फाँटची फाइल तर दहा-वीस मेगाबाइटपर्यंत जाते.

पूर्ण फाइल प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळी वाचून घेण्याची गरज नसते. संगणक मेमरीचा हिशेब 'पानां'त करतो. नेहमीच्या इंटेल संगणकांत एक पान ४०९६ बाइटचे असते. प्रत्येक प्रोसेसला वाटते की फाँटची पाने आपल्याच घरात आहेत. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिमने ती मेमरीत एकदाच ठेवलेली असतात आणि सर्वांना तीच दाखवलेली असतात. अट एकच, ती फक्त वाचायची, त्यांवर लिहायचे नाही. विबेरच्या ठशाचे हेच काम होते.

पण एक अडचण उरते. कडेकोट बिऱ्हाडातल्या प्रोसेसला डिस्कवरच्या फाइली उघडण्याची परवानगीच नसते, आणि ते योग्यच आहे. २०११ साली सापडलेल्या 'डुकू' या घुसखोर प्रोग्रामने वर्डच्या कागदपत्रात दडवलेल्या फाँटमधूनच विंडोजच्या गाभ्यात शिरकाव केला होता. फाँट दिसतो गरीब गाईसारखा, पण तो वाचण्याचे काम गुंतागुंतीचे आहे. म्हणून आता मालकीण प्रोसेस फाइल उघडते आणि बाकीच्यांना ती वाचण्यापुरती देते. लिनक्सवरचा क्रोम असे करतो.

दुसरी गोष्ट आहे यादीची, आणि ती आपल्यासारख्यांच्या फार जवळची आहे. समजा एखाद्या जर्मन पानावर मध्येच 'गणेशोत्सव' हा शब्द आला. पानाने सांगितलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. मग ब्राउझरला शोधावे लागते की या संगणकावर कुठल्या फाँटमध्ये 'ग' आहे. विंडोजवर आज बहुधा 'निर्मला' सापडतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेला हा फाँट अनेक भारतीय लिप्या एकत्र सांभाळतो. पण शोधण्यासाठी सगळ्या फाँटची नावे, त्यांचे ठळक-तिरपे प्रकार आणि कोणात कुठली अक्षरे आहेत त्याचा तक्ता हाताशी लागतो. पूर्वी फायरफॉक्समध्ये प्रत्येक प्रोसेस असा तक्ता आपल्यापुरता बाळगून असे. ५०० फाँट असलेल्या संगणकावर ४० प्रोसेस म्हणजे तोच तक्ता ४० वेळा. एका तक्त्याला १ मेगाबाइट लागते असे धरले तर ४० मेगाबाइट निव्वळ पुनरुक्तीत गेले. आता मुख्य प्रोसेस ही यादी एकदाच बनवते आणि सामाईक मेमरीत ठेवते, बाकीच्या ती नुसती वाचतात. हे काम प्रामुख्याने जोनाथन क्यू यांनी केले. छपाईसाठी टेक वापरणाऱ्यांना ते 'झीटेक'चे कर्ते म्हणून ठाऊक असतील. २००४ साली आलेल्या झीटेकमुळे टेकमध्ये युनिकोड मराठी थेट टाइप करणे सोपे झाले.

जोडाक्षरे बसवणारे यंत्रही आता बहुतांशी सामाईक आहे. 'हार्फबझ' नावाचे हे खुले सॉफ्टवेअर फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस असे सगळे वापरतात. त्याला आकार देणारे बेहदाद इस्फहबोद मूळचे इराणचे. नाव फारसी आहे, अर्थ 'खुले अक्षर'. आपल्या जुन्या मराठीतला 'हरफ' तो हाच.

कुणी म्हणेल, ४० मेगाबाइटचे काय एवढे? घरी १६ गिगाबाइटचा लॅपटॉप असताना खरेच काही नाही. पण भारतात आई-वडिलांच्या हातात काय असते ते पाहा. २०१९ साली क्रोमने अँड्रॉइड फोनवर स्वतंत्र बिऱ्हाडांची सोय आणली तेव्हा मेमरी पुरणार नाही म्हणून तिला दोन मर्यादा घातल्या. ती फक्त पासवर्ड टाकला जातो अशा संकेतस्थळांना मिळाली आणि फक्त किमान २ गिगाबाइट मेमरीच्या फोनवर मिळाली. म्हणजे स्वस्त फोनवरून बँकेचे व्यवहार करणाऱ्या माणसाच्या वाट्याला ती जाड भिंत आलीच नाही. फाँटच्या यादीत वाचवलेला एकेक मेगाबाइट त्या भिंतीची एकेक वीट असतो. मेमरीची बचत ही निव्वळ वेगाची हौस नाही, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

म्युनिकचे १०० युरो

वाटून घेण्याला दुसरी बाजूही आहे, आणि तिचा फटका इथल्या छोट्या संस्थांनी चांगलाच अनुभवला. २०१० साली गूगलने फाँट फुकट पुरवायला सुरुवात केली. मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'मुक्ता' आणि 'बलू' असे सुरेख देवनागरी फाँट त्यात आले. कल्पना मोठी छान होती. दहा संकेतस्थळांनी गूगलकडचाच 'मुक्ता' वापरला तर तो एकदाच उतरेल आणि दहाही ठिकाणी तीच प्रत चालेल. पण याच सामाईक प्रतीवरून तुम्ही आधी कुठल्या संकेतस्थळावर जाऊन आलात याचा माग काढता येतो, असे लक्षात आले. म्हणून सफारीने २०१३ पासून, क्रोमने ऑक्टोबर २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा केला. आता दहा ठिकाणी दहा प्रती उतरतात.

त्यापाठोपाठ २० जानेवारी २०२२ रोजी म्युनिकच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. पान उघडताच वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीशिवाय गूगलकडे जातो, हे बेकायदा आहे, आणि त्याबद्दल १०० युरो भरपाई द्यावी. रक्कम लहान, पण त्या वर्षी जर्मनीभर दुकाने, दवाखाने, क्रीडामंडळे यांना वकिलांची पत्रे येऊ लागली, बरीचशी १७० युरोंची मागणी करणारी. डिसेंबर २०२२ मध्ये बर्लिनच्या सरकारी वकिलांनी अशा पत्रांच्या एका प्रकरणात छापेही घातले. ती पत्रे थंडावली, निकालाचा धडा मात्र राहिला. फाँटची फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवावी. त्याला खर्च नाही, परवाना खुला आहे, आणि तासाभराचे काम आहे.

एकाच संगणकातल्या प्रोसेसनी फाँट वाटून घेतला तर चालते, मग दोन संकेतस्थळांनी का नाही, असा प्रश्न मला बरेच जण विचारतात. उत्तर मालकीत आहे. घरातला फाँट घरच्या मालकिणीच्या ताब्यात असतो आणि बिऱ्हाडे तो फक्त वाचतात. कोणी किती वेळा वाचला याचा हिशेब बाहेर जात नाही. गूगलच्या दारात मात्र प्रत्येक येणाऱ्याची नोंद होऊ शकते. निर्णयसागरचा खिळा एकदा विकत घेतला की त्याने काय छापले ते जावजींना कळायचे कारण नव्हते.

आता थोडे घरच्याबद्दल. २००० सालच्या आसपास ज्यांनी मंडळांच्या स्मरणिका, नाटकांच्या संहिता, गणपतीच्या आरत्यांची पुस्तके टाइप केली, त्यांच्या जुन्या फायली अजून कुठल्या तरी सीडीवर असतील. त्या युनिकोडमध्ये आणता येतात, पण मजकूर कुठल्या फाँटमध्ये बसवला होता ते कळले तरच. फाँटची फाइल हा त्या मजकुराचा साचा आहे. तेव्हा सीडी सापडली तर नुसती लेखाची फाइल काढून घेऊ नका. जुन्या संगणकाच्या फाँट्स नावाच्या फोल्डरमध्ये जी काही मराठी नावे दिसतील ती सगळी सोबत उतरवा, फाँटचे नाव आणि साल एका कागदावर लिहा, आणि जुना संगणक भंगारात देण्याआधी हे काम उरका.